रस्ता स्वच्छ होता

बान थासाय,
१९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय खाम्पेंग,

काल कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तू माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालीस, “सीनुआन, तू बोललीस म्हणून माझ्या पोराला, इन्सोनला न्याय मिळणार.” मग तुझ्या लेकीने गाडीचं दार उघडलं, तू आत बसलीस आणि लाम्पांगला निघून गेलीस. मी तिथेच पायरीवर उभी राहिले. त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहावं लागतं आहे. ते तू बोलली नसतीस तर मी गप्प राहिले असते, हेही आत्ताच सांगून ठेवते. पुढे कधी मला चांगुलपणाचं श्रेय देऊ नकोस.

साक्षीला उभी राहिले तेव्हा पुठ्ठ्यावर छापलेली शपथ मी मोठ्याने वाचली, शाळेत प्रार्थना सांगायचे तशी. खरं बोलेन तर माझं भलं होवो, खोटं बोलेन तर माझा नाश होवो. सरकारी वकिलांनी विचारलं तेवढं सांगितलं. मी विहाराच्या कमानीत उभी होते, थवीनची पिकअप वळणावरून आली, इन्सोन तिच्याखाली सापडला, थवीन उतरला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मग थवीनची वकील उठली. सरकारने दिलेली, माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींच्या वयाची. तिने विचारलं, “बाई, पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा रस्ता कसा होता?” मी म्हटलं, “स्वच्छ होता.” तेही खरं. पोलीस आले तेव्हाचं तिने विचारलं, त्याच्या आधीचं विचारलं नाही. छत्तीस वर्षं मी गणित शिकवलं. अपुरा घातलेला प्रश्न मला ताबडतोब कळतो. मला तो कळला, आणि मी खाली बसले. वर्गात कुणी असं केलं असतं तर त्याला मी तास संपेपर्यंत उभं ठेवलं असतं.

थवीन पिंजऱ्यात उभा होता. सात महिन्यांत अर्धा झालाय. त्याला बोलायला सांगितलं तेव्हा तो पहिल्या दिवसापासून सांगतो तेच बोलला, “मी पाहिलं तेव्हा तो आधीच खाली होता, साहेब.” त्यावर तू मागच्या बाकावरून म्हणालीस, “दारुड्याला उभा माणूसही आडवाच दिसतो,” आणि लोक हसले, न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. मीही हसले, खाम्पेंग. हसू यायचं काही कारण नव्हतं, पण सगळे हसत होते.

नंतर बाहेर वऱ्हांड्यात त्या वकील मुलीने मला गाठलं. चिडलेली नव्हती, नुसती दमलेली. म्हणाली, “बाई, तो प्यायला होता याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. नुसतं पिऊन गाडी चालवल्याबद्दल फार तर एक वर्ष होईल. त्यामुळे माणूस मेला असं ठरलं, तर दहापर्यंत जाऊ शकतं. त्यामुळेच मेला का, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं.” मी तिला म्हटलं, “मुली, जेवून घे, तोंड सुकलंय तुझं.” असलं काहीतरी म्हणून मी पाय काढला. मग पायऱ्यांवर तू भेटलीस.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उजाडल्यावर चिकट भात लावला आणि करपवला. दुआंगता म्हणाली, “मावशी, आज भाताला शिक्षा का?” या माझ्या भाचीची जीभ माझ्यावर गेली आहे. तिला बाहेर पिटाळलं आणि लिहायला बसले.

तुला कॉलेजातली ती सायकल आठवते का? चियांगमाईला, दुसऱ्या वर्षाला. तू चालवत होतीस, मी मागे. मी आपल्या भूमितीच्या सरांची नक्कल करत होते आणि तू हसून हसून वाकडीतिकडी जात होतीस. मग बाजाराच्या तोंडाशी त्या म्हातारीची अंड्यांची टोपली. म्हातारी तुलाच बोलली, कारण हँडल तुझ्या हातात होतं. तू पुढचे दोन रविवार तिच्या टपरीवर भांडी घासलीस. मी तुझ्यासाठी वह्या उतरवून दिल्या आणि त्यातच माझी फेड झाली असं धरून चालले. तू एकदाही म्हणाली नाहीस, की हसवत तर तू होतीस. मला वाटतं, मी तेव्हाच शिकले, की हँडल ज्याच्या हातात, लोक त्याच्याकडेच बघतात. मागे बसलेल्याकडे कुणी बघत नाही.

आता चौदा एप्रिलचं. नववर्षाच्या पाण्याच्या सणाचा मधला दिवस, तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही तो. सकाळी नऊला मी विहाराकडे निघाले तर थवीन आपल्या आंब्याखाली चटईवर बसलेला, समोर तांदळाच्या दारूची बाटली, आणि गाडीवर पाण्याचं पिंप आधीच चढवलेलं. म्हणजे दिवसभर पोरांना घेऊन पाणी उडवत फिरणार आणि दिवसभर पीत राहणार. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तुला माहीत आहे, मी कुणाला सोडत नाही. ‘मयताला दारू नाही’ ही पाटी या गावात मी लावली, माझ्या स्वतःच्या नवऱ्याच्या मयतापासून. थवीनने मला पाहिलं आणि ग्लास उंच करून ओरडला, “बाई, आज शिव्या द्यायच्या नाहीत हं! वर्षभर तोंड कुजेल!” मी म्हटलं, “उद्या ये, दोन दिवसांच्या एकदम देते.” तो खो खो हसला. मीही पुढे गेले. एरवी मी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली असती. दोनदा घेतलेली आहे. त्या दिवशी चिडायचं नाही म्हणून नाही घेतली.

हे मी सरकारी वकिलांना आनंदाने सांगितलं होतं. ते म्हणाले, उत्तम, सकाळपासून पीत होता हे यातून सिद्ध होतं. पोलीसही खूश होते. त्यांच्या अधिकाऱ्याने मला मेमध्येच सांगितलं होतं, “यंत्रात फुंकर मारली, आकडा आला. आता आणखी कारण कशाला शोधायचं, बाई?” मला त्याचं म्हणणं पटलं. पटवून घ्यायला मी अगदी तयारच होते.

वाळूचं मी कुणाला सांगितलं नाही.

आपण लहान असताना त्या दिवशी नदीत उतरून ओंजळीने वाळू आणायचो, आठवतं ना? वर्षभरात आपल्या पायांना लागून जेवढी विहारातून गेली तेवढी परत. आता नदीत उतरायला गुडघे कुणाचे राहिलेत? विहार समितीची चिटणीस मी. म्हणून दोन वर्षांपासून मी ट्रकने वाळू मागवते. लोक कमानीपाशी येतात, चांदीच्या वाटग्यात भरतात आणि आत नेऊन स्तूप रचतात. पुण्य तेवढंच. या वेळी आतल्या अंगणात नवी फरशी घातली होती. ट्रक आत गेला असता तर फरशी फुटली असती. म्हणून मी ट्रकवाल्याला म्हटलं, “इथेच टाक, कमानीबाहेर.” तो खाली उतरला, वळणाकडे पाहून म्हणाला, “आजी, हा रस्ता आहे. इथे टाकू?” मी म्हटलं, “संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न आहे. टाक.” त्याने माझी सही घेतली आणि टाकली. पावतीवर जागेच्या रकान्यात त्याने लिहिलंय, ‘रस्त्यावर, मालकाच्या सांगण्यावरून.’ शहाणा माणूस.

दुपारी दोनपासून तरुण मंडळींनी वाळू न्यायला सुरुवात केली. ढीग तीनच्या सुमाराला जवळजवळ संपला होता. राहिली ती पसरलेली. पोरं पाणी उडवत होती, गाड्या तिच्यावरून जात होत्या. बारीक ओली वाळू अख्ख्या वळणावर पातळ पसरली होती, डांबराच्याच रंगाची झाली होती. म्हाताऱ्या माणसांनी भन्तेंना स्नान घातल्यावर पाच वाजता उरलेली उचलायची, असं ठरलं होतं. म्हणून कुणी झाडली नाही.

चार वाजता इन्सोन बाजारातून कागदी पताका घेऊन आला. पताका मीच आणायला पाठवलं होतं त्याला, कमी पडल्या होत्या. बाकी सगळे आत, भन्तेंच्या हातावर सुगंधी पाणी घालायला रांगेत. मी कमानीत त्याची वाट पाहत उभी होते. एकटी. तो वळणावर आला, मोटरसायकलचं मागचं चाक सरकलं आणि तो पडला. जोरात नाही. कोपरावर उठला, माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून हसला, फळ्यावर गणित चुकलं की हसायचा तसा. पताका रस्त्यावर पसरल्या होत्या, त्या गोळा करायला त्याने हात लांब केला. मग मागून थवीनची गाडी आली.

खाम्पेंग, तो आधीच खाली होता. थवीन खरं बोलतोय.

इथे लिहिणं थांबवून बाहेर जाऊन आले. तुझ्या इथल्या बंद घरापर्यंत गेले होते. मागावर तू घातलेली चादर उंदरांनी एका कोपऱ्याला कुरतडली आहे, तिच्यावर मी माझी ताडपत्री टाकली. फणसाला या वर्षी बुंध्यापाशी लागलेत. जागेवर बसवत नाही आज. परत बसते.

बचावपथकाच्या मुलांनी इन्सोनला नेलं तेव्हा रस्त्यावर वाळू, पताका आणि रक्त होतं. लोक कमानीत गोळा झाले होते. कुणी थवीनला एक शब्द बोललं नाही. तो दिवसच तसा. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून कुत्र्यासारखा विव्हळत होता. मग मी सगळ्यांना म्हटलं, “उचला ही वाळू. रक्तावर भन्तेंचा पाय पडायला नको.” माझा आवाज तुला माहीत आहे. चाळीस माणसांनी वाटगे भरले, बायकांनी खराटे आणले, पोरांनी पाण्याने रस्ता धुतला. दहा मिनिटांत सगळं आत गेलं आणि वाळूचा शेवटचा, सगळ्यांत उंच स्तूप तयार झाला. त्यावर आम्ही त्याच्याच हातच्या पताका लावल्या. तास उलटून पोलीस आले तेव्हा रस्ता स्वच्छ होता.

मी ते भन्तेंसाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. तुला नाही सांगणार. मला तेव्हाच कळलं होतं. रस्ता झाडून झाल्यावर पोटात जरा बरं वाटलं, त्यावरून मला कळलं.

त्या चाळीस जणांपैकी एकानेही नंतर वाळूचं नाव काढलं नाही. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. प्रत्येकाच्या वाटग्यात थोडी थोडी होतीच. फक्त थवीनची बायको जूनमध्ये माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, “बाई, तुम्ही तिथे होतात. तो खरंच आधी पडला होता का?” मी म्हटलं, “मला काय विचारतेस, बाटलीला विचार.” ती हात जोडून निघून गेली. हे वाक्य रोज माझ्या कानात वाजतं. आणि त्या दिवशी काही वाकडं न बोलण्याचा सण नव्हता.

मग मी मोजायला घेतलं. मला दुसरं काय येतं? ऑगस्टमध्ये दुआंगताला टेपचं टोक धरायला लावलं. वळणावरून येणाऱ्याला इन्सोन पडलेली जागा जिथून पहिल्यांदा दिसते, तिथून अंतर सोळा मीटर. थवीनच्या गाडीवर भरलेलं पिंप होतं, वेग ताशी चाळीसच्या वर नव्हता, हे पोलिसांनीही मानलंय. शुद्धीवरचा माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत एक सेकंद घेतो. तेवढ्यात गाडी अकरा मीटर पुढे जाते. उरतात पाच. पाच मीटरमध्ये ती थांबत नाही. म्हणजे अख्ख्या जन्मात थेंबही न प्यायलेला माणूस त्या जागी असता, मी स्वतः असते, तरी गाडी इन्सोनवर गेलीच असती. मी वही मिटून ठेवली. मग पुन्हा उघडली, कारण उत्तर तेवढंच नव्हतं. शुद्धीवरच्या माणसाची गाडी निम्म्याहून थोड्या अधिक वेगाने त्याच्यावर आदळली असती. थवीनने ब्रेकला पायच लावला नाही. त्याची पूर्ण वेगाने आदळली. त्या फरकात इन्सोन वाचला असता का? पाय मोडून, लंगडत, जिवंत? मी पन्नास वेळा मांडलं. हे गणित सुटत नाही. डॉक्टरांनाही सुटणार नाही. दारूने मारलं की वाळूने, याला एक उत्तर नाही, आणि मी सात महिने एका उत्तरावर बसून राहिले, कारण ते मला आधीपासून आवडत होतं. दारू. माझ्या नवऱ्याला दारूने नेलं, तुझ्या मुलाला दारूने नेलं. किती सोपं. कोर्टाने ठरवावं, पण कोर्टाला निदान सगळे आकडे तरी मिळायला हवेत.

(दुपार झाली. मध्ये तालुक्याला जाऊन आले, त्याचं पुढे लिहिते. दुआंगता विचारते, “मावशी, कुणाला लिहितेस एवढं, मंत्र्याला?” मी म्हटलं, त्याहून अवघड माणसाला.)

आता जे राहिलं ते.

त्या दिवशी सकाळी ट्रक गेल्यावर इन्सोन आला होता. ढिगाकडे पाहून त्याने डोकं खाजवलं. मला काही म्हणायची त्याची हिंमत नव्हती, शाळेत असल्यापासून नव्हती. तो गेला आणि चिंचेची एक मोठी फांदी तोडून घेऊन आला. ढिगाच्या अलीकडे वळणावर, येणाऱ्याला लांबून दिसेल अशी आडवी टाकली. नुसती हिरवी फांदी सावलीत दिसणार नाही म्हणून खांद्यावरच्या पंच्याची एक पट्टी टर्रकन फाडून तिला बांधली. मला म्हणाला, “बाई, एवढी हलवू नका हं. वाळू सगळी उचलली की मीच काढीन.” मी म्हटलं, “हो रे, कळतं मला.” दुआंगताने तेव्हा ढिगावर बसलेल्या पोरांचा फोटो काढला होता. त्यात मागे तो वाकून गाठ मारताना दिसतो. अकरा वाजून दहा मिनिटं.

अडीच वाजता बुद्धमूर्तीची मिरवणूक त्या वळणावरून यायची होती. मी रस्ता बघायला गेले, तर मधोमध ती फांदी, पानं कोमेजलेली, चिंधी लोंबत. मिरवणुकीच्या वाटेत कचरा. मी ती उचलली आणि भिंतीपलीकडे टाकली. मूर्ती गेली की परत ठेवू, असा विचार मी केला होता. केला होता एवढं नक्की. मूर्ती आली, फुलं आली, पाणी आलं, कुणाचा वाटगा हरवला, आणि फांदी माझ्या डोक्यातून गेली.

इन्सोन चार वाजता परत आला तेव्हा त्याने काय पाहिलं असेल, हे मी रोज बघते. ढीग नाही. फांदी नाही. वाळू उचलली की फांदी काढायची, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. फांदी दिसत नाही, म्हणजे वाळू उचलली. त्याने वेग कमी करायचं काही कारण उरलं नव्हतं. आणि त्याच्या मागून येणाऱ्या थवीनलाही कशानेच सावध केलं नाही. प्यालेला माणूसदेखील रस्त्यातल्या फांदीला बिचकतो, आपल्याकडे सगळेच बिचकतात. बिचकला असता की नाही, मला माहीत नाही. तेही गणित सुटत नाही.

मयताच्या चौथ्या दिवशी मी भिंतीपलीकडे गेले आणि फांदी घरी आणली. तांदळाच्या कणगीमागे ठेवली. पानं सगळी झडली आहेत. पट्टी तशीच आहे, लाल-काळी चौकड आणि काठाला तो एकच पिवळा धागा, तू सगळ्याच पंच्यांना टाकतेस तो. फांदी उचलताना तो धागा मला दिसला नव्हता.

आज सकाळी गणितापर्यंतचं लिहून झाल्यावर मी तालुक्याला गेले. त्या वकील मुलीला घेतलं आणि कोर्टाच्या कचेरीत सगळं दिलं. मुलगी रडायला लागली, मग सावरून म्हणाली, “बाई, शपथेवर अर्धवट सांगितल्याबद्दल तुमच्यावरही येऊ शकतं. आणि वाळूचं तर येईलच.” मी म्हटलं, “येऊ दे, मी घरीच असते.” नऊ डिसेंबरला मला पुन्हा उभं करणार आहेत. थवीनला यातून किती फायदा होईल, तिला सांगता येत नाही. थोडा होईल. निर्दोष तो नाही, आणि सुटून आला तर त्याच्या किल्लीसाठी मी पुन्हा त्याच्या आंब्याखाली जाईन, सण असो नसो.

कोर्टाची नोटीस तुला आठवडाभरात मिळेल. त्याआधी माझ्या हातून कळावं म्हणून उद्या दुआंगता हे पत्र घेऊन येईल. पण तेवढ्यासाठी चार ओळी पुरल्या असत्या. एवढं लांब लिहिण्याचं कारण वेगळं आहे. गेले सात महिने तू भेटलीस की एकच सांगतेस: पोरगा धांदरट होता, गाडी भन्नाट चालवायचा, रोज दारात उभी राहून ‘सावकाश जा’ म्हणायचे, नेमकी त्या दिवशी म्हणाले नाही. कालही गाडीत बसता बसता तू ते म्हणालीस. आणि मी, जिला माहीत होतं ती, दर वेळी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. इन्सोन धांदरट नव्हता, खाम्पेंग. त्या दिवशी अख्ख्या गावात सावधपणा दाखवणारा तो एकटाच होता. वाळू पाहून ट्रकवाल्याने सही मागितली, मी घाई केली, बाकीच्यांनी वाटगे भरले; झाडावर चढून फांदी तोडली ती त्याने, आणि तू विणलेला पंचा फाडला तोही त्याने. ‘सावकाश जा’ हे तुझे शब्द त्याला न सांगताच पाठ होते. ते त्याने सगळ्यांसाठी रस्त्यावर लिहून ठेवले होते. पुसले मी. माझ्यावर राग धर, पत्र फाड, या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस, मला सगळं चालेल. फक्त दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईला दोष देणं आता थांबव.

तू म्हणशील तोवर तुझीच,
सीनुआन

कोर्टाच्या कचेरीत जमा केलेल्या वस्तू. १९ नोव्हेंबर, दुपारी सव्वाबारा. पावतीवरून उतरवून घेतलं आहे.

माझ्या हातचा जबाब, सात पानं, प्रत्येक पानावर सही.
ट्रकची पावती, एक. जागेचा रकाना भरलेला.
फोटो, एक. पाठीमागे दुआंगताची सही आणि वेळ.
माझी गणिताची वही, मोजमापांची, एक.
चिंचेची वाळलेली फांदी, लांबी दोन मीटर दहा सेंटिमीटर. कारकून म्हणाला, “आजी, हे लाकूड ठेवू कुठे?” मी म्हटलं, जिथे कुणी हलवणार नाही तिथे.
फांदीला बांधलेली पंच्याची पट्टी, लाल-काळी, काठाला पिवळा धागा. गाठ सोडलेली नाही. खटला संपल्यावर नातेवाइकांना परत मिळेल. त्या रकान्यात तुझं नाव आणि लाम्पांगचा पत्ता लिहून दिला आहे.